सातव्या गाण्यातलं गाऱ्हाणं

शंभू राऊळला आयुष्यात पहिला मोठा मार बसला तो घुमटापायी. बाप शिगम्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, घुमट वाजवायचा. मातीचं मडकं, एका तोंडावर घोरपडीचं कातडं, दुसरं तोंड उघडं. नऊ वर्षांच्या शंभूला कळलं, की उघडं तोंड हाताने झाकलं की आवाज वाकतो. अजून वाकतो का बघायला त्याने मडक्यात पाणी ओतलं. कातडं भिजून फाटलं. बापाने झावळीचा दांडा उचलला आणि पोरगा ओरडायचा थांबला तरी हात थांबवला नाही. शेवटी अकरा वर्षांच्या सुमंगलाने बापाच्या मनगटाला दात लावले. बापाने झटकलं, ती उंबऱ्यावर आपटली, पुढचा एक दात गेला तो गेलाच.

"चावतंस? बापाक चावतंस?"

"परत मारशात तर परत चावतंय," तोंडातलं रक्त थुंकून ती म्हणाली.

आज सुमंगला छप्पन्न वर्षांची आहे. साखळीजवळच्या गावात दिलेली, नवरा खाणीवरून निवृत्त. हिशेब तेव्हाचाच आहे. भावाच्या अंगाला हात लावणाऱ्याने आधी तिला ओलांडायचं.

आणि हात लावणारे कमी नव्हते. सोळाव्या वर्षी शंभू हरमलला किनाऱ्यावरच्या एका खानावळीत ताटं धुवायला राहिला. तिथे एक म्हातारा इंग्रज होता, केस कमरेपर्यंत, पोटात काविळीचं घर. तो जाताना आपली गिटार शंभूच्या गळ्यात घालून गेला. खानावळीचा मालक म्हणाला, चोरलीस. दोन दिवस कोठीत कोंडून मारलं. तिसऱ्या दिवशी सुमंगला बापाला न सांगता पेडण्याहून चालत गेली, मालकाच्या कढईत वाळू ओतली, आणि भाऊ न् गिटार दोन्ही घेऊन आली.

मग शंभूला खूळ लागलं. सायकेडेलिक रॉक म्हणतात त्याला. गिटारचा एकच सूर धुरासारखा लांबवत न्यायचा, उलटा फिरवायचा, तो आपल्यालाच परत येऊन धडकेपर्यंत सोडायचा नाही. लोकांना वाटतं ते सगळं गोऱ्यांनी विमानातून आणलं. शंभू म्हणायचा, "मडक्यात पाणी घालून मी ह्याच तर करत होतंय." पंचवीस वर्षांचा असताना चार गोऱ्यांच्या बँडमध्ये एकटा पेडणेकर, आणि पुढे उभा तोच. ड्रमवरचा गोरा पळून गेला तेव्हा शंभूने गावातला साईश आणून बसवला. भजनात पखवाज वाजवणारा साईश, त्याला ड्रम काय अवघड?

दोन हजार आठच्या मोसमात एका किनाऱ्यावरच्या पार्टीत ते संपलं. साईशने मध्यंतरात कुणाशी तरी हुज्जत घातली. शंभू एकटा वाजवत होता, डोळे मिटून. पार्टीवाल्यांनी ठेवलेल्या चार पैलवानांनी साईशला मंचाच्या मागे नेलं आणि बाटलीने फोडला. आवाज इतका मोठा होता की साईशच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. अकरा मिनिटं शंभू वाजवत होता. लोक नाचत होते. गाणं संपलं, शंभूने डोळे उघडले, ड्रमची जागा रिकामी. साईशचा उजवा डोळा त्या रात्री गेला.

त्यानंतर शंभू माणसांपुढे वाजवायला उभा राहिला नाही. पेडण्यातल्या आंबेखोलला बापाच्या घरात येऊन बसला. घराच्या मागे सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं उघडं पठार. पुढे काजूची झाडं. दशावतारी कंपन्यांचे बिघडलेले अँप्लिफायर दुरुस्त करायचे आणि पोटाला लावायचं. बोलायचा दोघांशीच. दर रविवारी डबा घेऊन येणारी बहीण, आणि एका डोळ्याचा साईश, ज्याने नंतर टेंपो घेऊन माईक-कर्ण्याचा धंदा टाकला होता.

"तू माका कित्या भेटतंस रे अजून?" शंभूने त्याला एकदा विचारलं होतं.

"एका डोळ्यान तू अर्धोच दिसतंस," साईश म्हणाला. "तेवढो सोसता माका."

गोठ्यात गुरं उरली नव्हती. शंभूने भिंतींना काथ्या मारला, छताला अंड्यांचे ट्रे, आणि तिथे आपला अल्बम करायला घेतला. एकट्याचा. गिटार तो, घुमट तो, शामेळ नावाचं ढोलकं तो, नाटकवाल्यांनी टाकून दिलेली पायपेटी तो. अकरा वर्षं लागली. नऊ गाणी, आणि एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही. एकात फुगडीचा ताल आणि त्यावर गिटारचा कल्लोळ. एकात फक्त उन्हाने तडकणारे पत्रे आणि पायपेटीचा श्वास. चौथ्यात तर खुद्द सुमंगला आहे, शिव्या देताना. साखळीच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक अडवायला बाया बसल्या होत्या त्या दिवशी शंभू खिशात यंत्र घेऊन कुंपणाआड उभा होता. ट्रकचा भोंगा, पोलिसांची शिट्टी, लाठी बसल्याचा आवाज, आणि सुमंगलाचा गळा. त्या लाठीने मोडलेलं तिचं मनगट अजून वाकडं आहे.

"माका विचारलं नाय, घातलंस?" पहिल्यांदा ऐकून ती भडकली होती.

"तुका विचारलं असतं तर तू नीट बोललं असतंस."

तिने डबा तसाच उचलून परत नेला. दुसऱ्या रविवारी आली आणि म्हणाली, "लाव ता चवथा."

सातवं गाणं म्हणजे गाऱ्हाणं.

देवळात गावाच्या वतीने गावकर देवाला हाक घालतो. गावाचं, शिवेचं, एकेका राखणदाराचं नाव घेतो, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. चालू असताना चपला काढायच्या, हातातलं खाली ठेवायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. आंबेखोलचे गावकर कृष्णनाथ आबा, नव्वदीला आलेले. शंभूने त्यांना विचारून त्यांचं गाऱ्हाणं देवळात भरून घेतलं होतं.

मग काय झालं, गौरेशने सडा विकला.

गौरेश म्हणजे वॉर्डाचा पंच. जमीन ह्याची त्याला, त्याची तिसऱ्याला, मधल्या मध्ये हा जाड. सड्यावर दिल्लीच्या कुणाचे बंगले यायचे होते. वरती राखणदाराची जागा आहे, काळा धोंडा, खाली झर. गौरेशच्या कागदात लिहिलं होतं, सड्यावर देवस्थान नाही, पाणी नाही. त्या कागदाखाली गावाने सह्या केल्या. कुणाला पोराची नोकरी हवी होती, कुणाला रस्ता. कृष्णनाथ आबांनी आणि त्यांच्या लेकीने केली नाही, शंभूने केली नाही. बाकी सगळ्यांनी केली.

शंभूने त्या दिवशी गोठ्याचं दार लावून घेतलं आणि सातव्या गाण्यातून गावाचा एकूण एक होकार कापून काढला. आबांचं वाक्य, मग शांतता. पुढचं वाक्य, मग शांतता. मागे गिटारचा एकच सूर, दाराखालून येणाऱ्या वाऱ्याएवढा.

"ह्यां असां सोडतंस?" सुमंगलाने विचारलं. तिच्या अंगावर काटा आला होता.

"खोट्या कागदाक व्हय म्हणतत, तेंचो व्हय माका नको."

आबा पुढच्या पावसाळ्यात वारले.

चूक साईशची. फाल्गुनात देवळात काल्याचं नाटक होतं, कर्णे बांधायचं काम त्याच्याकडे. दिवस कलला होता, तो एकटाच खांबावर. आवाज तपासायला कुठलं तरी गाणं लावायचं, म्हणून त्याने खिशातला पेनड्राइव्ह घातला. शंभूचा अल्बम त्याला तोंडपाठ होता. आपलंच आहे ह्या भरात त्याने सातवं लावलं आणि तार ओढायला परत वर चढला.

चारही कर्ण्यांतून, देवळाच्या आवारातून, मेलेल्या कृष्णनाथ आबांनी गावाला गाऱ्हाणं घातलं.

घराघरांत म्हाताऱ्या माणसांनी सवयीने हात जोडले, होकार दिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आवाज कुणाचा आहे. विहिरीवरची एक बाई घागर टाकून पळाली. आबांची लेक गौरवी अंगणात तांदूळ पाखडत होती, ती तशीच खाली बसली. मेलेला माणूस देवळातून हाक घालतोय, आणि देवळात होकार द्यायला कुणी नाही. अर्धवट हाक मारलेला राखणदार गावात येऊन उभा राहील आणि रिकामा परत जाणार नाही, हे आंबेखोलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

चौथ्या दिवशी सड्यावर माती वाहणारा टिप्पर उलटला. ड्रायव्हर सिंधुदुर्गातला, त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उतारावर भुसभुशीत मातीत गाडी घालायला त्याला गौरेशनेच लावलं होतं. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं ते असं, की शंभूने गावावर राखणदार सोडला.

हे कोणी पसरवलं ते सांगायला ज्योतिषी नको. गौरेशला राखणदाराची भीती नव्हती. त्याला भीती होती त्या गाण्याची, कारण आबांनी गाऱ्हाण्यात सड्याच्या चारी खुंटांची नावं घेतली होती. उगवतीला कुमयाचं झाड, मावळतीला काळा धोंडा, खाली झर, वर पाज, म्हणजे चढणीची वाट. कागदात नसलेलं सगळं.

देवळात बैठक बसली. ठरलं, शंभूने आवाज ज्या यंत्रात आहे ते यंत्र घेऊन यायचं, देवापुढे फोडायचं, नाक घासायचं. निरोप घेऊन दोघे गेले. शंभूने दाराच्या फटीतून सांगितलं, "गाणां तसांच रवतलां. एक सुदीक शब्द काढूचंय नाय."

गौरवीने सुमंगलाला फोन केला. "उद्या चार वाजता जातले ते. सांगलंय म्हणान कोणाक सांगा नको."

सुमंगला दुसऱ्या दिवशी दुपारीच स्कूटरवरून आंबेखोलला पोचली. शंभू गोठ्यात वायरी गुंडाळत होता.

"काढून टाक ता सातवां," ती म्हणाली. "आठ गाणी रवतत मगे. आठ काय कमी?"

"बाय, तू रस्त्यावर बसलंस तेव्हा कोणी सांगलां असतां, अर्धी ऊठ म्हणान?"

ती मागच्या दारी गेली, नारळ सोलायचा कोयता घेतला आणि पायरीवर येऊन बसली.

तीसेक माणसं आली. अर्ध्यांच्या हातात दांडे. पुढे गौरेश, पांढरा शर्ट, आणि त्याचा पुतण्या स्वप्नील, हातात लोखंडी पहार, धोंडे उलथायची.

"सुमाताय, तुमी माहेरवाशीण," गौरेश म्हणाला. "बाजूक व्हया. गावाचो प्रश्न आसा."

"गावाचो? दिल्लीवाल्याक कधीपासून गाव म्हणाक लागलंस रे?"

मागे कुणीतरी हसलं. त्या हसण्यानेच गौरेशचा तोल गेला. त्याने मान हलवली आणि स्वप्नील पायरी चढला. सुमंगलाने कोयता उलटा धरला होता, पाठीने मारायला, पण घाईत धार लागली. स्वप्नीलच्या दंडातून रक्त उडालं. मग सगळेच आले. तिच्या डोक्यात दांडा बसला, वाकडं मनगट कुणाच्या तरी पायाखाली गेलं, डोळ्यांत रक्त उतरलं. गोठ्याचं दार फुटलं. पायपेटी अंगणात येऊन आपटली आणि आपटताना एकदाच कण्हली. गिटार भिंतीवर. घुमट दगडावर. शंभूची ती काळी हार्डडिस्क, अकरा वर्षं जिच्यात होती, स्वप्नीलने विहिरीत फेकली. पाण्याचा आवाज झाला आणि दोन-चार जण विजय मिळाल्यासारखे ओरडले.

शंभूला फरपटत अंगणात आणलं. ओठ फाटलेला, एक कान सोललेला. त्याने हात उचलला नव्हता.

"झाला?" गौरेशने विचारलं. "की आणखी खंय आसा?"

नेमका तेव्हा साईशचा टेंपो वळणावर आला. साईशला बातमी उशिरा लागली होती. तो उतरला आणि जागीच थिजला. गौरेशला आठवलं. कर्ण्यावर वाजलं होतं ते ह्याच्याकडून.

"साईश, पेनड्राइव्ह दी," तो म्हणाला. "नायतर ह्येचो हात बघ."

स्वप्नीलने शंभूचा डावा हात पायरीच्या दगडावर दाबला, वर पाय ठेवला. पहार उचलली.

"दी रे," सुमंगला जमिनीवरून म्हणाली. "दी तेका. हात रवांदी."

"दिव नको," शंभू म्हणाला.

साईशने दोघांकडे पाहिलं. मग टेंपोत चढला. लोकांना वाटलं, आणतोय. त्याने पेनड्राइव्ह यंत्रात घातला आणि टपावरचे दोन्ही कर्णे उघडले.

कृष्णनाथ आबांचा आवाज अंगणात आला. आजच्या दिवशी, आजच्या वेळी, गावाची लेकरं पायाशी जमली आहेत, ऐक म्हाराजा. मग शांतता.

कुणी हललं नाही. दुसरं वाक्य. परत शांतता, आणि तिच्यात सुमंगलाला लोकांचे श्वास ऐकू आले. तिसऱ्या वाक्याला मागून एका बाईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." गौरवी होती, बापाच्या आवाजाला उत्तर देत. हात जोडलेले, चपला काढलेल्या. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानेही काढल्या. मग एकेक करत दांडे जमिनीला लागले. चौथ्या वाक्याला दहा-बारा गळे होते, पाचव्याला सगळे.

गौरेश "बंद कर, बंद कर" म्हणाला आणि लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. स्वप्नीलला मात्र काय करावं सुचेना. पहार खाली ठेवावी तर काकाची भीती, धरावी तर देवाची. तो तसाच उभा, एक पाय शंभूच्या हातावर, दंडातून रक्त ठिबकतंय, आणि ओठ हलतायत.

आबा सड्यावर पोचले. उगवतीला कुमयो, तुझी शीम. व्हय म्हाराजा. मावळतीक काळो धोंडो. व्हय म्हाराजा. सकल झर, वयर पाज. व्हय, व्हय. सह्या केलेलं सगळं गाव चार कागदी ओळींवर आपल्या तोंडाने बोळा फिरवत होतं आणि गौरेशला ते कळत होतं. तिथे एकट्यालाच ते नीट कळत होतं.

गाऱ्हाणं संपलं. माणसं डोळे उघडत होती तेवढ्यात गौरेशने स्वप्नीलच्या हातातली पहार हिसकली आणि शंभूच्या बोटांवर घातली. एकदा, आणि परत एकदा.

त्या आवाजाला सुमंगला उठली. तिला वाटलं आपणच पहिल्या पोचू. नाही. गावच पहिला पोचला. शंभूला मारायला आलेल्या तीस जणांनी गौरेशला अंगणात घेतला आणि त्याच दांड्यांनी झोडला. गाऱ्हाण्याच्या जागी रक्त सांडलं म्हणून. पांढरा शर्ट लाल झाला, दात पडले, खांदा निखळला, तरी थांबेनात. आपण सह्या केल्या त्याचंही त्याच्याच पाठीवर काढत होते. सुमंगलाने बरगडीत दोन लाथा घातल्या. त्याचं तिला आजही वाईट वाटत नाही. मग गौरवी मध्ये पडली, "मरतलो तो," म्हणाली, तेव्हा कुठे हात थांबले.

म्हापशाच्या इस्पितळात शंभूच्या बोटांत तारा घातल्या. तीन बोटं आता मिटत नाहीत. गिटार त्या हाताने होणार नाही, डॉक्टरने स्पष्टच सांगितलं. गौरेशही त्याच मजल्यावर होता, दोन खोल्या पलीकडे. पोलिसांनी दोन्हीकडच्या तक्रारी घेतल्या. सुमंगलावर कोयत्याचं कलम आहे, ते ती सगळ्यांना सांगते. सड्यावरचं काम बंद आहे, तूर्तास.

साईशच्या पेनड्राइव्हवरून पुण्यातल्या दोन वेड्या पोरांनी अल्बम काढायचं कबूल केलं. ही बातमी गावात गेली आणि पंधरा दिवसांनी पाच जण शंभूच्या दारात आले. ह्या वेळी हातात केळींचा घड. गौरवी होती, सह्या करणारे चौघे होते. बोलायला सगळ्यात वयस्क पुढे झाला.

"शंभू, एक मागणां आसा. त्या गाण्यात आमचो व्हय घाल. त्या दिवशी आमी म्हटलो तसो. आमी देवळात जमतों, साईश भरून घेतलो. गाऱ्हाणां उघडां ठेवचां बरां न्हय."

शंभू पायरीवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला.

"त्या दिवशी तुमी म्हटलात ता भियान म्हटलात."

"म्हटलां तर खरां."

"सयो मागे घेतल्यात?"

गौरवी खाली बघत होती. तिची सही नव्हतीच, तिला बोलायचंही कारण नव्हतं.

"वकिलाक भेटूचां लागता," एकजण पुटपुटला. "आमचे गौरेशाकडे कागद आसत. इतक्यात जमूचां नाय."

"तर गाणां तसांच रवतलां," शंभू म्हणाला. "जागा सोडलंय मी. ती तुमचीच आसा. सयो मागे घ्या, मगे येऊन भरा."

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. बाजूचा एक म्हणाला, "इतको माज बरो न्हय हां. तीन बोटां गेली, दोन आसत अजून." ते म्हणाला आणि स्वतःच दचकला. पण शब्द परत घेतला नाही. केळी पायरीवर ठेवून ते गेले.

सुमंगला दारात उभं राहून ऐकत होती. डोक्याला टाके, मनगट प्लास्टरमध्ये.

"परत येतले ते," ती म्हणाली.

"येतले."

तिने एका हाताने फोन काढला, साखळीला नवऱ्याला लावला. "आयकलां? भात कुकरात आसा. बांगडे फ्रीजमधे, वरच्या खणात. पाव कालचे आसत, गरम करून घे. मी काय इतक्यात येत नाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कितके दिवस ता ह्या गावाक विचार," म्हणून तिने फोन ठेवला, आणि केळींचा घड उचलून आत गेली.